आधीं कांटा, मग मासा



शिक्षकाला आपल्याच विद्यार्थ्याकडून धडा मिळावा, ही गोष्ट जगांत नवी नाहीं. परंतु तो धडा समुद्राच्या पृष्ठभागाखालीं, एक शब्दही न बोलतां आणि पाय धरून दिला जावा, असा योग फारच थोड्या शिक्षकांच्या वांट्यास येत असेल. माझ्या वांट्यास तो २०२३ सालच्या नाताळच्या सुट्टींत मालवण येथें आला. निमित्त झालें एका लहानशा कॅमेऱ्याचें. पाण्याखालीं छायाचित्रें घेण्यासाठीं कॅमेरा कसा निवडावा व तो कसा वापरावा, हें सांगावें म्हणून मीं लेखणी हातीं घेतली आहे. पण तें सांगतां सांगतां माझी फजितीही सांगावी लागेल, कारण या विद्येंतलें मुख्य सूत्र मला त्या फजितींतच सांपडलें.

प्रारंभ आपल्या शाळेंतच झाला. दहावीच्या वर्गांत मी प्रकाशाचें वक्रीभवन शिकवीत होतों. वाडग्यांतलें नाणें पाणी ओततांच वर आल्यासारखें कसें दिसतें, हा नेहमींचा प्रयोग झाला, आणि मग समुद्राखालच्या सृष्टीचें एक रंगीत चित्र मीं मुलांपुढें धरलें. त्यांत लालभडक प्रवाळें होतीं, केशरी मासे होते. मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, समुद्रांत खालीं एवढें लाल खरोखर दिसतें का?" मीं उत्तर दिलें, "दिसत असेल." तास संपला, घंटा झाली, पण तें "असेल" माझ्या मनांतून जाईना. मुलीनें खरें तें विचारलें होतें, आणि मीं सोयीचें तें सांगितलें होतें.

आपल्या वसतिगृहांत चार वर्षें राहून गेलेला एक मुलगा आतां मालवणास पर्यटकांना समुद्रतळ दाखविण्याचें काम करतो. तो मच्छीमाराच्या घरचा. शाळेंत असतां प्रश्नपत्रिका हातीं पडतांच प्रश्न पुरता न वाचतां भराभर लिहीत सुटण्याची त्याला खोड होती. "आधीं प्रश्न वाच, मग उत्तर लिही," हें वाक्य मीं त्याला किती वेळां ऐकविलें असेल, याची गणती नाहीं. "सर, एकदां खालीं येऊन बघा," असा त्याचा कित्येक वर्षांचा आग्रह होता. २०२२ सालच्या सुट्टींत मीं त्या किनाऱ्यावर बुडी मारण्याचें पहिलें रीतसर शिक्षण घेतलें. त्या शिक्षणानें अठरा मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्या वर्षीं हातांत कॅमेरा नव्हता, आणि तें बरेंच झालें. ज्याला अजून पाण्यांत नीट तरंगतां येत नाहीं, त्यानें कॅमेरा हातीं घेणें म्हणजे सायकल शिकतांना डोक्यावर घागर घेण्यासारखें आहे. पुढल्या वर्षीं मात्र कॅमेरा घेऊन जावयाचें ठरविलें.

आतां निवडीविषयीं. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पाहून कोणीं भुलूं नये, "किती खोलीपर्यंत?" हा प्रश्न आधीं विचारावा. पावसाच्या सरींत टिकणारा कॅमेरा वेगळा आणि समुद्रतळाशीं न्यावयाचा वेगळा. मोबाईलसाठीं मिळणारी प्लॅस्टिकची पिशवी तर बुडीच्या कामीं मुळींच धरूं नये. लहान कॅमेऱ्यांचे मला स्थूलमानानें चार प्रकार आढळले.

पहिला प्रकार गोप्रोसारख्या चिमुकल्या कॅमेऱ्यांचा. तो निराळ्या पेटीवांचून दहा मीटरांपर्यंत जातो व हलत्या चित्रांना उत्तम. परंतु त्याची दृष्टि फार रुंद. त्यामुळें बोटाएवढा मासा त्यांत तांदळाएवढा दिसतो, आणि अगदीं जवळची वस्तु त्याला स्पष्ट टिपतां येत नाहीं. दुसरा प्रकार सीलाइफ मायक्रो ३.० सारखा, कारखान्यांतच कायमचा बंद केलेला. त्याला दार नाहीं, त्यामुळें गळण्याची धास्ती जवळजवळ नाहीं, आणि तो साठ मीटरांपर्यंत चालतो. पण त्यांतली बॅटरी आपल्याला बदलतां येत नाहीं, व चित्रें साठविण्याची जागाही ठरलेलीच. तिसरा प्रकार कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स किंवा सोनी आरएक्स१०० यांचा. यांतील प्रकाश टिपणारा फलक इतर लहान कॅमेऱ्यांच्या सुमारें चौपट क्षेत्रफळाचा असतो, म्हणून अंधुक पाण्यांत त्यांचें चित्र अधिक स्वच्छ येतें. मात्र हे कॅमेरे स्वतः पाण्यांत टिकत नाहींत; त्यांना ‘हाऊसिंग’ म्हणजे बाहेरची जलाभेद्य पेटी घ्यावीच लागते, व ती पेटी कित्येकदां कॅमेऱ्याहूनही महाग पडते. शिवाय पेटींत पाणी शिरलें कीं कॅमेरा गेलाच म्हणून समजावें.

चौथा प्रकार ऑलिंपसच्या टफ टीजी-६ या २०१९ सालच्या कॅमेऱ्याचा. त्याचाच पुढला भाऊ टीजी-७ हा २०२३ सालीं ओएम सिस्टिम या नांवानें निघाला. हा कॅमेरा नुसताच पंधरा मीटरांपर्यंत जातो, आणि त्याच्यासाठीं मिळणाऱ्या पेटींत घातला तर पंचेचाळीस मीटरांपर्यंत. त्याचा फलक लहान आहे, हें खरें. पण भिंगापासून अवघ्या एका सेंटिमीटरवरील वस्तूही तो स्पष्ट टिपतो.

मीं हा चौथा घेतला, तोही पेटीसह. माझीं कारणें दोन होतीं. मालवणचें पाणी अंदमान किंवा लक्षद्वीपच्या पाण्यासारखें नितळ नसतें. तेथें पुष्कळदां चार-पांच मीटरांपलीकडलें दिसत नाहीं. अशा पाण्यांत दूरच्या देखाव्यांच्या नादीं लागण्यांत अर्थ नाहीं, जवळच्या लहान जीवांकडेच वळावें. दुसरें कारण असें कीं नवशिक्याच्या हातून चूक होणारच. तेव्हां एखादी चूक पोटांत घालणारें साधन बरें. दुसऱ्याचीं सुंदर चित्रें पाहून कॅमेरा निवडूं नका. आपलें पाणी कसें आहे आणि आपले हात किती सराईत आहेत, हें पाहून निवडा. आणखी एक पारख दुकानांतच करून घ्यावी: पेटी एका हातांत धरून त्याच हाताच्या अंगठ्यानें आणि बोटानें सर्व कळी दाबतां येतात कीं नाहीं, हें पाहावें. पाण्यांत दुसरा हात मोकळा लागतो.

माझी फजिती सांगण्यापूर्वीं माझ्याहून थोर माणसांची सांगतों, म्हणजे ती थोडी हलकी होईल. १८५६ सालीं इंग्लंडांत वेमथच्या उपसागरांत विल्यम थॉम्प्सन या गृहस्थानें कॅमेरा एका पेटींत बंद करून नावेंतून खालीं सोडला. पेटींत पाणी शिरलें. तरीही कांचेवर चित्र उमटलें. १८९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल येथें लुई बुतां हा शास्त्रज्ञ स्वतः पाण्यांत उतरून छायाचित्रें घेऊं लागला. उजेडाच्या अभावीं कांहीं चित्रांस त्याला अर्ध्या तासापर्यंत भिंग उघडें ठेवावें लागे. पुढें १९२६ सालीं फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांपाशीं लाँग्ली आणि मार्टिन या दोघांनीं तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून पाण्याखालीं लख्ख उजेड पाडला व माशांचीं रंगीत छायाचित्रें घेतलीं. तीं १९२७ च्या जानेवारींत नॅशनल जिऑग्राफिक मासिकांत छापून आलीं. यावरून दिसेल कीं या कलेचे दोन शत्रु पहिल्यापासूनच ठरलेले आहेत: एक पाणी, दुसरा अंधार. तिसराही एक आहे. त्याची ओळख मला मागाहून झाली.

पहिल्या शत्रूचें बळ किती, हें गणितानेंच पाहूं. समुद्रांत दर दहा मीटरांस एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅमचा जादा भार. पेटीचें दार शंभर चौरस सेंटिमीटरांचें धरलें, तर त्यावर शंभर किलोंचा भार झाला. जणूं तांदळाचीं दोन पोतीं त्या तळहाताएवढ्या दारावर ठेविलीं आहेत! गंमत अशी कीं हा भार दाराला अधिकच घट्ट बसवितो. खरा धोका दाराच्या खांचेंत बसविलेल्या रबराच्या बारीक कड्यापाशीं असतो. त्याला ‘ओ-रिंग’ म्हणतात. तें कडें स्वच्छ असून त्याला सिलिकोनच्या ग्रीसचा किंचित हात दिलेला असला, तर समुद्र बाहेर राहतो. त्यावर वाळूचा एक कण, एखादा धागा किंवा केस राहिला, तर तेवढ्याच वाटेनें तो आंत येतो.

माझ्या बाबतींत तो केस होता, आणि दुःखाची गोष्ट ही कीं तो माझाच, पिकलेला, अर्ध्या इंचाचा होता. पहिल्या दिवशीं सकाळीं नाव सुटण्याची घाई झाली, म्हणून मीं नावेंतच मांडीवर टॉवेल पसरून पेटी बंद केली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळच्या खडकांवर आम्ही उतरलों. तीन-चार मीटरांवरच पेटींतून बुडबुड्यांची बारीक माळ निघूं लागली, आणि भिंगापुढें पाण्याची रेघ चढतांना दिसली. मी हातानें खूण केली, आम्ही वर आलों. पेटींत दोन चमचे पाणी होतें. कॅमेरा स्वतःच पाणी सोसणारा असल्यामुळें बचावला. गोड्या पाण्यानें धुऊन पुसतांच चालूं लागला. तिसऱ्या प्रकारचा कॅमेरा असता, तर त्या दिवशीं माझी कित्येक महिन्यांची शिल्लक समुद्रार्पण झाली असती. माझा विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. त्यानें बोटाच्या टोंकावर तो केस उचलून मला दाखविला, एवढेंच.

तेव्हांपासून मीं नियम केला. पेटी आदल्या रात्रीं, शांतपणें, स्वच्छ टेबलावर उजेडांत बंद करावी. टॉवेलावर नव्हे, कारण त्याचे धागे निघतात. कडें बोटांनीं सर्व बाजूंनीं चांचपून पाहावें. आंत ओल शोषून घेणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. नाहींतर गरम हवेंतली वाफ थंड पाण्यांत गेल्यावर भिंगापुढच्या कांचेवर धुकें धरते. बंद केलेली पेटी बादलीभर गोड्या पाण्यांत बुडवून बुडबुडे येतात का, हें पाहावें. समुद्रांतून परत आल्यावर ती पुन्हां गोड्या पाण्यांत अर्धा तास भिजवावी, कळी दाबून त्यांतलें मीठ निघूं द्यावें, आणि पूर्ण कोरडी केल्याखेरीज उघडूं नये.

दुसरा शत्रु अंधार. खरें म्हटलें तर तो नुसता अंधार नव्हे. तो रंगांचा चोर आहे. पाणी सूर्यप्रकाशांतला लाल रंग सर्वांत आधीं गिळतें. पांच-सहा मीटरांवरच त्याचा बहुतेक भाग नाहींसा होतो. त्यामागून नारिंगी जातो, मग पिवळा. शेवटीं निळें-हिरवें तेवढें राहतें. त्या मुलीच्या प्रश्नासाठीं मीं प्रयोगशाळेंतली प्लॅस्टिकची लाल पट्टी जाकिटाला बांधून नेली होती. नऊ मीटरांवर ती पाहिली, तों ती चक्क काळपट तपकिरी दिसत होती! मग विद्यार्थ्यानें हातांतली विजेरी तिच्याजवळ नेऊन लावली, आणि क्षणांत ती लालभडक झाली. विजेरी बाजूला नेतांच पुन्हां काळपट. मीं दोन्ही चित्रें घेतलीं. पट्टीचा गुण कोठेंच गेला नव्हता; तेथें उजेड पोंचत नव्हता, एवढेंच. पुष्कळ मुलांविषयीं मला हेंच वाटतें, पण तो विषय वेगळा.

उजेड मिळविण्याचे उपाय तीन. उथळ पाण्यांत पांढरी पाटी समोर धरून कॅमेऱ्याला "हें पांढरें" असें शिकवितां येतें. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, व खोली बदलली कीं तें पुन्हां शिकवावें लागतें. दुसरा उपाय, चित्र ‘रॉ’ स्वरूपांत साठवावें, म्हणजे घरीं येऊन रंग पुष्कळसे दुरुस्त करतां येतात. परंतु जो रंग मुळांत पोंचलाच नाहीं, तो कोणतीही दुरुस्ती आणूं शकत नाहीं. म्हणून तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा: स्वतःचा दिवा जवळ न्यावा. मात्र तो कॅमेऱ्याला चिकटून नको. पाण्यांत तरंगणारे बारीक कण समोरून उजेड पडतांच चमकूं लागतात, आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखें दिसतें. कॅमेऱ्यांतला फ्लॅश भिंगाच्या अगदीं शेजारीं असल्यामुळें हा दोष फार करतो. दिवा हात लांब करून बाजूनें धरला, तर कणांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे जवळ जाणें. वक्रीभवनामुळें पाण्यांत वस्तु खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर दिसते. मासा हाताशीं आला असें वाटतें आणि हात पोंचत नाहीं. वाडग्यांतलें नाणें मी वीस वर्षें शिकवीत आलों आहें, तरी समुद्रांत मी त्याला पुरता फसलों. तेव्हां वस्तु जवळ दिसली तरी आणखी जवळ जावें. हातभर अंतराच्या पलीकडचें चित्र घेऊं नये. झूमचा मोह टाळावा. झूमनें मासा मोठा होतो, पण मधलें गढूळ पाणी तेवढेंच राहतें. वरून खालीं टिपूं नये. माशाच्या पातळीवर उतरून त्याच्या डोळ्यावर कॅमेरा साधावा. डोळा स्पष्ट आला, तर चित्र जिवंत वाटतें.

हें सगळें ज्ञान घेऊन दुसऱ्या दिवशीं मी खालीं उतरलों, आणि तेथें तिसरा शत्रु भेटला.

खडकाच्या कपारीपाशीं एक केंड स्थिर तरंगत होता. जाळीं फाडणारा म्हणून या माशावर आमच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा मोठा राग. पण मीं त्याचा डोळा पाहिला, हिरवट-सोनेरी, दागिन्यांतल्या खड्यासारखा, आणि मला दुसरें कांहीं सुचेना. मी जवळ सरकलों. कॅमेरा हलत होता. जमिनीवर कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठीं आपण काय करतों? श्वास रोखतों. मींही छाती भरून श्वास घेतला आणि रोखला.

मित्रहो, बुडी मारणाऱ्याला पहिल्या दिवशीं जो पहिला नियम शिकवितात तो हाच, कीं पाण्याखालीं श्वास कधींही रोखूं नये. भरलेल्या छातीनें अंग हलकें होतें व वर जाऊं लागतें. वर जातांना बाहेरचा दाब कमी होतो, आणि छातींतली हवा फुगूं लागते. दहा मीटरांवरील हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास चालू असेल, तर ती बाहेर पडते. रोखलेला असेल, तर फुप्फुसाला इजा होते, आणि अशी इजा जिवावर बेतूं शकते. मी हें वाचलें होतें, लिहून काढलें होतें, त्यावर परीक्षा देऊन उत्तीर्ण झालों होतों. पण त्या क्षणीं मला पडद्यावरील केंडाखेरीज जगांत दुसरें कांहीं दिसत नव्हतें. मी वर चाललों आहें, हेंही मला कळलें नाहीं; मासाच खालीं जातो आहे असें वाटलें, व मी त्याच्यामागें कॅमेरा खालीं वळवीत राहिलों.

इतक्यांत कोणीं तरी माझा पाय घट्ट धरून मला खालीं ओढलें. दचकून माझ्या तोंडून श्वास सुटला, बुडबुड्यांचा मोठा लोट वर गेला. मागें पाहतों तों माझा विद्यार्थी. त्यानें माझ्या छातीवर तळवा ठेविला आणि स्वतः सावकाश श्वास सोडून दाखविला. पुन्हां घेतला, पुन्हां सोडला. मी त्याप्रमाणें करूं लागलों. मग त्यानें माझें हवेचें मापक उचलून माझ्या डोळ्यांपुढें धरलें. दोनशेंच्या आंकड्यावरून आम्ही निघालों होतों. शंभरावर आलें कीं मीं त्याला खूण करावयाची, असें ठरलेलें. कांटा साठावर होता.

नावेंत आल्यावर बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मीं म्हटलें, "माझें चुकलें." तो हंसला नाहीं. अंगावरचें जाकीट उतरवीत म्हणाला, "सर, म्हातारी आवस जेवतांना सांगता ना, तसांच हां. आधीं कांटो, मगे मासो."

कोंकणांतल्या मुलांना हें वाक्य समजावून सांगावयास नको. ताटांत मासा वाढला कीं घरचें वडील माणूस सांगतें: आधीं कांटा पाहा, मग मासा खा. त्यानें तो घशांतला कांटा मापकावर नेऊन बसविला होता. आणि मला आठवलें, हा तोच मुलगा, ज्याला मी म्हणत असें, "आधीं प्रश्न वाच, मग उत्तर लिही." माझें वाक्य त्यानें आपल्या भाषेंत मला परत केलें होतें. मुलानें धडा पुरा केला होता. मास्तरच विसरला होता.

तिसरा शत्रु तो हाच. पाण्यापासून रबराचें कडें रक्षण करतें, अंधारापासून दिवा. पण स्वतःच्या तल्लीनतेपासून रक्षण करणारें साधन कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. कॅमेऱ्याचा पडदा हें मोठें मोहाचें भिंग आहे. त्यांत पाहतांना माणूस आपला श्वास विसरतो, सोबती विसरतो, आपल्या पायांखालीं काय चिरडतें आहे तेंही विसरतो. प्रवाळ दगडासारखें दिसलें तरी तो लहान लहान सजीवांचा संसार आहे. वर्षांनुवर्षें तो सावकाश वाढतो, आणि फोटोसाठीं टेंकलेल्या एका गुडघ्यानें मोडतो. मालवणच्या या समुद्राला १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. परंतु कायदा पाण्याखालीं प्रत्येक गुडघ्यामागें धांवूं शकत नाहीं; तें काम ज्याचें त्यानेंच करावें लागतें. सृष्टीची राखण मनुष्यावर सोंपविलेली आहे, असें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तिचें चित्र घेण्यापायीं तिलाच मोडणें हें त्या राखणदाराला शोभत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मीं रीत बदलली. कॅमेरा दोरीनें जाकिटाला अडकविला व खालीं गेल्यावर पहिलीं पांच मिनिटें त्याला हातच लाविला नाहीं. श्वास लयींत आला, अंग पाण्यांत स्थिर झालें, सोबती कोठें आहे तें पाहिलें, मग कॅमेरा उचलला. एक चित्र घ्यावें, कांटा पाहावा, सोबत्याकडे पाहावें, मग दुसरें चित्र. कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठीं श्वास रोखण्याऐवजीं सावकाश सोडीत असतांना कळ दाबावी, म्हणजे हातही हलत नाहीं आणि नियमही मोडत नाहीं. कपारीपाशीं तो केंड पुन्हां दिसला. तोच कीं दुसरा, देव जाणे. एकदां तो अगदीं हाताशीं आला होता, चित्र उत्तम आलें असतें. पण कांटा शंभरावर होता. मीं खूण केली आणि आम्ही वळलों. तें न घेतलेलें चित्र मला अजून स्पष्ट दिसतें. सुदैवानें त्याआधीं घेतलेल्यांपैकीं एक चांगलें निघालें: बाजूनें दिवा, समोर तो डोळा, मागें काळोख.

संध्याकाळीं विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. त्याचे वडील अंगणांत जाळें विणीत बसले होते. फाटलेला भाग त्यांच्या मांडीवरच होता. मीं कॅमेऱ्याच्या पडद्यावर तें चित्र दाखविलें. त्यांनीं चष्मा चढविला, बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, "ह्यो केंड? मेलो सगळां जाळां फाडता." थोड्या वेळानें पुन्हां पडदा आपल्याकडे वळवून म्हणाले, "पण डोळो बघ कसो आसा त्येचो!" मग कॅमेरा परत देऊन ते जाळें विणूं लागले. त्यांचें नुकसान त्या चित्रानें भरून निघालें नाहीं, आणि निघणारही नाहीं. पण आयुष्यभर ज्याच्याशीं वैर केलें, त्याचा डोळा त्यांनीं त्या दिवशीं प्रथमच पाहिला.

सुट्टीनंतर शाळेंत आलों तेव्हां त्या मुलीला बोलावून लाल पट्टीचीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं दाखविलीं. ती म्हणाली, "म्हणजे लाल रंग तेथें आहे, पण दिसत नाहीं." याहून नेमकें उत्तर मलाही देतां आलें नसतें. तीं दोन चित्रें आणि केंडाचें एक, अशीं तिन्ही आतां प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहेत. ज्यांना पाहावयाचीं असतील त्यांनीं मधल्या सुट्टींत खुशाल यावें.

पालकांना एवढीच विनंती कीं, मुलाला समुद्राची ओढ असेल, तर त्याला आधीं पोहणें शिकवा, मग जाणत्या शिक्षकाच्या हाताखालीं बुडी मारणें शिकूं द्या, आणि कॅमेरा सर्वांत शेवटीं हातीं द्या. आणि मुलांनो, तुम्ही कधीं त्या निळ्या-हिरव्या जगांत उतरलांत, तर मन भरून पाहा, चित्रेंही घ्या. पण घेण्यापूर्वीं मापकाकडे व सोबत्याकडे एक नजर टाका. मला तें सांगणारा मुलगा माझ्यासोबत होता, ही देवाची कृपा. तुमच्याही सोबत तसा कोणी असो, आणि तुम्हीही कोणाच्या तरी सोबतीस तसे असा.